बॅटरी डिकीत न्यायची तर: करंट जातो कुठून, परत येतो कुठून

बॅटरी पुढून काढायची, डिकीत ठेवायची आणि मध्ये एक लांब वायर ओढायची, एवढंच काम आहे असं मलाही वाटलं होतं. माझ्या जुन्या मारुती एस्टीमवर मी ते एका रविवारी उरकलं. सेल्फ मारला, गाडी सुरू झाली, मी खूश. आठवड्याभरात ॲक्सिलरेटर जड झाला. बॉनेट उघडून मित्राला सेल्फ मारायला सांगितलं आणि ॲक्सिलरेटरच्या केबलवर बोट ठेवलं, तर चटका बसला.

झालं होतं असं. मूळ रचनेत बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक जाड वायर थेट इंजिनला येते. बॅटरीबरोबर मी तीही काढून डिकीत टाकली. पाठीमागे बॉडीला अर्थ (निगेटिव्हची जोडणी) दिला, पण पुढे बॉडी आणि इंजिन यांच्यामध्ये उरली होती फक्त एक बारीक जाळीची पट्टी, तीही गंजलेली. सेल्फच्या (स्टार्टर मोटरच्या) शेकडो अँपिअरला परत जायला वाट हवीच. त्याने मिळेल ती धरली: ॲक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल. आतलं नायलॉनचं अस्तर वितळलं आणि केबल अडकायला लागली. चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबलेल्या अवस्थेत अडकला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी नंतर रात्रभर केला.

तेव्हा हा लेख बॅटरीपेक्षा तांब्याचा आणि परतीच्या वाटेचा जास्त आहे. उदाहरणाला माझीच एस्टीम घेतली आहे, कारण ती डिकीची सरळसाधी सेडान आहे आणि तिच्या वायरिंगमध्ये संगणकाची लुडबुड कमी. आकडे तुमच्या गाडीला वेगळे लागतील, हिशेब तोच.

आधी, कुणी या वाटेला जाऊ नये

डिकीत सीएनजीची टाकी असेल तर विषय संपला. एकाच बंद जागेत गॅसची टाकी, तिचे सांधे आणि ठिणगी पडू शकेल अशी बॅटरी नको. आपल्याकडे बऱ्याच जुन्या सेडानच्या डिकीत टाकी असते, म्हणून हे सगळ्यात आधी.

नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवरच एक छोटा सेन्सर असतो. तो बॅटरीत जाणारा-येणारा करंट मोजतो आणि त्यावर चार्जिंग ठरतं. इंजिन सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्या तर पूर्ण त्याच्या भरवशावर चालतात. तिथे हात घालू नका. वॉरंटीतली गाडी असेल तरही नको, आणि विमा कंपनीला आधी विचारून घ्या. क्लेमच्या वेळी वाद घालण्यापेक्षा ते बरं.

हॅचबॅकवाल्यांनी एक लक्षात घ्यावं: तुमची डिकी ही वेगळी खोली नाही, ती केबिनच आहे. ८००, झेन, स्विफ्टमध्ये मागे ठेवलेल्या बॅटरीचा वायू तुमच्याच नाकात येणार. तिथे हवाबंद पेटी आणि बाहेर काढलेली नळी यांना पर्याय नाही.

फायदा नेमका किती

ही काही जगावेगळी कल्पना नाही. १९५९च्या मूळ मिनीत बॅटरी डिकीतच होती. १९८९च्या पहिल्या माझदा एमएक्स-५मध्येही, आणि बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांत आजही आहे. पण त्या गाड्या तशा आखल्या गेल्या, आपण नंतर बदल करतोय.

एस्टीमचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २,३६५ मिमी. साधारण ११ किलोची बॅटरी पुढच्या चाकांच्या रेषेवरून मागच्या ॲक्सलच्या ३० सेंमी मागे गेली, तर पुढच्या चाकांवरचा भार ११ × २.६६५ ÷ २.३६५ म्हणजे सुमारे १२.४ किलोंनी कमी होतो आणि मागचा ११ + १.४ असा वाढतो. ८७०-९०० किलोंच्या गाडीत हा फरक दीड टक्क्याच्या आतलाच. त्यात पाच मीटर केबल, ट्रे, पेटी मिळून गाडी चार-पाच किलोंनी जड होते ते वेगळंच. ऑटोक्रॉसमध्ये (वळणावळणाच्या छोट्या मार्गावरची वेळेची स्पर्धा) नाक वळवताना फरक जाणवतो म्हणणारे आहेत. मला तो जाणवला की मी तो जाणवून घेतला, हे मी शपथेवर सांगू शकत नाही.

खरा फायदा दोन ठिकाणी आहे. एक, बॉनेटखाली जागा मोकळी होते. मोठा इनटेक, इंटरकूलरचा पाइप किंवा दुसरं इंजिन बसवायचं असेल तर ती जागा सोन्यासारखी. दुसरा, उष्णता. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं असं मानतात. विदर्भातल्या मे महिन्यात बॉनेटखालच्या बॅटरीचं काय होतं ते नागपूरकरांना सांगायला नको. नुसतं वजन हलवायचं असेल आणि बाकी कारण नसेल, तर स्टेपनी आणि जॅक काढून ट्रॅकवर जा. फुकट आहे.

सामान विकत घेण्याआधी मीटर काढा

गाडी मूळ स्थितीत असताना दोन आकडे वहीत लिहून ठेवा. इग्निशन कॉइलचा कनेक्टर आणि फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन सुरू होणार नाही. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे, खुद्द शिशाच्या खुंटीवर), दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर. तीन-चार सेकंद सेल्फ मारा, आकडा लिहा. मग निगेटिव्ह खुंटी ते इंजिन ब्लॉक, पुन्हा तसंच. काम झाल्यावर याच आकड्यांशी तुलना करायची आहे.

करंट मोजायला क्लॅम्प मीटर लागतो, पण बाजारातले स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात. डीसी लिहिलेला पाहून घ्या. माझ्या १.३ लिटर पेट्रोल इंजिनला फिरताना सुमारे १४० अँपिअर लागले. पहिल्या क्षणी, इंजिन थांबलेलं असताना, करंट याच्या दुप्पट-तिप्पट उसळतो. डिझेलला सगळेच आकडे मोठे लागतात.

केबलचा हिशेब

आधी सुतळी घ्या. डिकीतल्या ठरलेल्या जागेपासून सीटखालून, दरवाज्याच्या उंबऱ्याच्या कडेने, फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) पुढच्या जोडबिंदूपर्यंत वळणावळणासकट लावा आणि मोजा. माझी भरली ५.२ मीटर. अंदाजाने चार मीटर आणलेल्या एका मित्राने मधे जोड दिला होता. जोड द्यायचा नसतो. केबल अखंडच हवी.

बारीक तारांच्या लवचीक तांब्याच्या केबलचा रोध मीटरमागे असा असतो: १६ स्क्वेअर एमएमला (तांब्याचा छेद, चौरस मिमीमध्ये) १.२१ मिलिओहम, २५ला ०.७८, ३५ला ०.५५४ आणि ५०ला ०.३८६. आता ५.२ मीटर आणि १४० अँपिअरने गुणा. १६ची केबल ०.८८ व्होल्ट खाते, २५ची ०.५७, ३५ची ०.४०, ५०ची ०.२८. सेल्फ मारताना बॅटरी आधीच दहा-साडेदहा व्होल्टवर उतरलेली असते. त्यातून आणखी जवळपास एक व्होल्ट वाटेतच गेला तर सेल्फ कुंथत फिरतो आणि इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीयूही रुसतो. सर्वसाधारण पथ्य असं की पॉझिटिव्हच्या बाजूने एकूण घट अर्ध्या व्होल्टच्या आत राहावी. म्हणून लहान पेट्रोल इंजिनाला ३५ स्क्वेअर एमएम, मोठ्या पेट्रोलला ५०, डिझेलला ५० किंवा ७०. केबल गरम झाली की रोध अंशामागे सुमारे ०.४ टक्के वाढतो, तेव्हा काठावरची केबल घेऊ नका.

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लोहार चाळीत गेलात तर 'पस्तीस स्क्वेअरची फ्लेक्सिबल, प्युअर कॉपर' असं स्पष्ट सांगा. वेल्डिंगची केबल चालते, लवचीक असते, पण तिचं आवरण तेल आणि उष्णता सहन करणारं आहे का ते विचारा. आणि तिच्यावर नुसते 'अँपिअर' लिहिलेले असतील तर भुलू नका, स्क्वेअर एमएम विचारा. कार-ऑडिओच्या पाकिटांत मिळणारी चकचकीत पारदर्शक केबल बहुतेकदा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असते. एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा. तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, आणि टोकाच्या लगमध्ये ती काळाबरोबर सैल पडते.

लग म्हणजे टोकाचं थिंबल टिन केलेलं तांब्याचं, नळीच्या आकाराचं घ्या: '३५ची, ८चं भोक' आणि काही '३५ची, १०चं भोक'. ते हायड्रॉलिक क्रिंपरने षटकोनी दाबायचं. क्रिंपर विकत घेऊ नका, पॅनल बनवणाऱ्या कुठल्याही वायरमनकडे असतो. चार लग तो चहाच्या पैशात दाबून देईल. हातोडी-छिन्नीने ठोकलेला लग मी स्वतः केला आहे आणि व्हाइसमध्ये धरून ओढल्यावर तो केबलमधून सुटून हातात आला आहे. सोल्डरही नको: ते तारांमध्ये वर चढतं, तिथे केबल कडक होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. दाबल्यावर आत गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा.

बॅटरी आणि तिचा वायू

इथे रेंगाळायला हवं, कारण बहुतेक लोक इथेच घाई करतात.

'मेंटेनन्स फ्री' म्हणजे हवाबंद नव्हे. आपल्याकडच्या बहुतेक मेंटेनन्स फ्री बॅटऱ्यांत आत पातळ आम्लच असतं आणि वर वायू बाहेर पडायला बारीक वाट असते. चार्ज पूर्ण झाल्यावरही करंट जात राहिला की पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन निघतो. किती? पूर्ण भरलेल्या सहा सेलच्या बॅटरीत एक अँपिअर-अवर जादा गेला तर साधारण अडीच लिटर. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की तो पेट घेऊ शकतो. ३०० लिटरच्या डिकीत ४ टक्के म्हणजे १२ लिटर, म्हणजे पाच अँपिअर-अवर. डायनमोचा (अल्टरनेटरचा) रेग्युलेटर बिघडून पाच अँपिअरने जादा चार्जिंग झालं तर एका तासाचं काम. डिकी काही कुपीसारखी बंद नसते हे खरं, पण हायड्रोजन हलका, झाकणाखाली साचतो, आणि झाकणाजवळच डिकीच्या दिव्याचा स्विच असतो. झाकण उघडताच ठिणगी देणारा.

म्हणून पर्याय दोनच. पहिला, एजीएम बॅटरी. हिच्यात आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं, वायू आतल्या आत पुन्हा पाणी होतो, आणि उलटली तरी सांडत नाही. जादा चार्जिंग झालं तर तिचीही झडप उघडते, तेव्हा नळी तिलाही हवी. दुसरा, बाजूला वायूच्या नळीसाठी भोक असलेली साधी बॅटरी. अशा रचनेच्या मॉडेलांना तिथे काटकोनी नळीचा तुकडा (एल्बो) बसतो. दोन्ही टोकांना भोक असेल तर एक बंद करा, दुसऱ्याला नळी.

नळी आम्ल सहन करणारी, ८-१० मिमीची. डिकीच्या तळातून ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रबरी चकती) घालून खाली काढायची, सतत उतार ठेवून, कुठे पाणी साचेल असा झोळ न देता. टोक तिरपं कापा, सायलेन्सरच्या तोंडापासून आणि चाकाच्या चिखलापासून दूर. पावसाळ्यानंतर एकदा फुंकून बघा, मुंग्या आणि कुंभारमाशा अशा नळ्यांत घर करतात.

एक नेहमीचा जुगाड: यूपीएसची बॅटरी. तीही हवाबंद एजीएमच असते, स्वस्तही मिळते. पण ती तासन्‌तास थोडा थोडा करंट द्यायला बनवलेली असते, सेल्फचा दणका सोसायला नव्हे. हिवाळ्यातल्या पहिल्या सकाळी ती तुम्हाला हे समजावून सांगेल.

जागा आणि ट्रे

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून बॅटरी डावीकडे. मागच्या ॲक्सलच्या जितकी जवळ तितकी बरी, आणि डिकीच्या मागच्या पत्र्यापासून जितकी लांब तितकी बरी. मागून कुणी ठोकलं तर तो पत्रा चुरगळण्यासाठीच असतो. त्याला टेकून बॅटरी ठेवणं म्हणजे धडकेत पॉझिटिव्हची खुंटी पत्र्याला भिडवणं.

भोक पाडण्याआधी गाडीखाली जाऊन बघा. पेट्रोलची टाकी, तिच्या नळ्या, ब्रेकची लाइन, सायलेन्सर, मागचं सस्पेन्शन. आधी ३ मिमीचं भोक, त्यातून तार घालून खाली कुठे निघते ते बघायचं, मगच मोठं. टाकीच्या वर ड्रिल चालवायचं नाही, 'थोडंसंच' म्हणूनही नाही.

आता पकड. १३ किलोची एजीएम, गाडी २० जीने (गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट झटक्याने) थांबली, तर ती क्षणभर २६० किलोंची होते आणि मागच्या सीटच्या पाठीवर येते. जागतिक मोटरस्पोर्टची संस्था एफआयए हिचे रॅलीच्या गाड्यांचे नियम मूळ जागेवरून हलवलेल्या बॅटरीला किमान १० मिमीचे बोल्ट मागतात आणि प्रत्येक बोल्टखाली, पत्र्याच्या पलीकडे, किमान ३ मिमी जाड आणि २० चौरस सेंमीची पट्टी. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगची संस्था एनएचआरए ३/८ इंची बोल्ट आणि धातूचीच पट्टी मागते. रस्त्यावरच्या गाडीलाही मी हेच करतो, कारण झाडाला धडकताना ही रस्त्यावरची गाडी आहे हे बॅटरीला कळत नाही. २ मिमीच्या पत्र्याचा ट्रे फॅब्रिकेटरकडून करून घ्या, वरची पकडपट्टी रबराने मढवा, पट्टी आणि पॉझिटिव्ह खुंटी यांच्यात पुरेसं अंतर ठेवा आणि खुंटीवर झाकण.

प्लास्टिकची पेटी वापरणार असाल तर ती फक्त आवरण आहे. बॅटरी ट्रेला धरलेली असावी, पेटीला नव्हे.

भोकांच्या कडा घासून झिंक प्रायमर आणि रंग. कोकणातल्या गाड्यांनी दोनदा.

केबल ओढणं

मागची सीट, उंबऱ्याच्या प्लास्टिक पट्ट्या आणि पुढचा गालिचा काढा. मूळ वायरिंगची जुडी ज्या बाजूने गेली आहे तिच्या उलट बाजूने केबल न्या. पूर्ण लांबीला फ्लेक्सिबल कंड्युट (लवचीक संरक्षक नळी). दर २०-३० सेंमीला रबरी क्लिप. पत्रा पार करताना प्रत्येक ठिकाणी ग्रोमेट. फायरवॉलला मूळ जुडीच्या ग्रोमेटमध्ये दाटी करू नका, स्वतंत्र भोक पाडा, कड गोल करा, रंगवा.

धोका तीन जागी असतो. सीटच्या रुळांखाली केबल चेपते. सीटबेल्टच्या गुंडाळीजवळ ती घासते. आणि उंबऱ्याची प्लास्टिक पट्टी परत बसवताना तिचा टोकदार स्क्रू. हा स्क्रू नेमका केबलमध्ये घुसतो, लगेच काही होत नाही, सहा महिन्यांनी होतं. पट्टीच्या भोकांच्या जागा आधी मार्करने खुणा करून केबल त्यांच्यापासून दूर धरा. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या कनेक्टरच्या वायरींपाशी अजिबात जायचं नाही.

बॉनेटखाली एक्झॉस्टपासून वीतभर अंतर, आणि इंजिन हलतं म्हणून शेवटच्या टप्प्यात थोडी ढील. उंदीर कंड्युट कुरतडतात हे पार्किंगमध्ये गाडी ठेवणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. ही केबल कुरतडली गेली तर गोष्ट हेडलाइटच्या वायरीएवढी स्वस्त पडत नाही.

फ्यूज, बॅटरीपासून एका वितीच्या आत

मूळ रचनेत बॅटरी ते सेल्फ ही वायर बहुतेक गाड्यांत बिनफ्यूजची असते, कारण ती हातभर लांब असते. आता ती पाच मीटर आहे आणि सगळीकडे पत्र्याला लागून जाते. चांगली बॅटरी शॉर्टमध्ये हजार अँपिअरच्या पुढे जाते. तेवढ्यात ३५ची केबल थोड्याच वेळात आवरण पेटवते, तेही तुमच्या गालिच्याखाली.

फ्यूज केबल वाचवायला आहे, सेल्फ वाचवायला नाही. म्हणून तो बॅटरीपाशीच, १५-१८ सेंमीच्या आत. ३५ स्क्वेअर एमएम आणि माझ्या इंजिनाला मी २५० अँपिअरचा मेगा फ्यूज लावला. सेल्फची पहिली उसळी याहून मोठी असली तरी ती सेकंदाच्या अंशात संपते, आणि या जातीचा फ्यूज तेवढं सोसतो. दोनदा-तीनदा उडाला म्हणून ५०० चा टाकणारे असतात. आधी तो का उडतोय ते शोधा.

पण फ्यूज आहे म्हणून केबल कशीही ओढायची नाही. केबल पत्र्याला हलकीशी घासत राहिली तर ठिणगी पडत राहते, करंट २५०च्या खालीच असतो, फ्यूज शांत बसतो, आणि आग तरीही लागते.

परतीची वाट

निगेटिव्हसाठी दुसरी पाच मीटर केबल ओढावी की बॉडी वापरावी? पोलादाचा रोध तांब्याच्या सुमारे आठपट, म्हणून बॉडी वाईट असं वाटतं. पण ०.८ मिमी जाडीचा आणि १.२ मीटर रुंदीचा नुसता तळाचा पत्रा धरला तरी छेद ९६० चौरस मिमी होतो. आठने भागलं तर १२० स्क्वेअर एमएम तांब्याएवढा. तुमच्या केबलच्या तिपटीहून जास्त. तळ गंजून चाळण झालेला नसेल तर बॉडी उत्तम वाहक आहे. अडचण पत्र्यात नसते, दोन टोकांच्या सांध्यांत असते.

मागचं टोक: बॅटरीपासून शक्य तितकी आखूड ३५ची वायर, बॉडीच्या जाड भागाला, म्हणजे चेसिसच्या पट्टीला किंवा मजबूत केलेल्या जागेला, १० मिमीच्या बोल्टने. पाच रुपयांच्या नाण्याएवढा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा. लग थेट पत्र्यावर, मध्ये वॉशर नाही. दातेरी वॉशर वरून. घट्ट आवळल्यावर बाहेरून रंग किंवा ग्रीस. सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका, तो दुसऱ्या कामासाठी आहे. बंपर, डिकीचं झाकण यांसारखे बोल्टने लटकलेले भागही नकोत.

पुढचं टोक: माझी चूक इथली. बॉडी ते इंजिन अशी नवी वायर, ३५ची, इंजिन हलेल एवढी ढील ठेवून. इंजिनाच्या बाजूला सगळ्यात चांगली जागा म्हणजे सेल्फचा स्वतःचा माउंटिंग बोल्ट किंवा गिअरबॉक्स इंजिनाला जिथे जोडतो तिथला बोल्ट, कारण करंट तिथूनच निघतो. मूळ जाळीची पट्टी काढू नका, साफ करून तीही राहू द्या. मूळ निगेटिव्ह वायरीवरून बॉडीला किंवा ईसीयूला गेलेले छोटे फाटे असतील तर तेही शोधून जोडा.

पुढचा जोडबिंदू

जुन्या बॅटरीच्या जागी इन्सुलेटेड स्टडचा जंक्शन ब्लॉक (बॉडीला न टेकणारा, सगळ्या वायरी एकत्र आवळायचा बोल्ट) बसवा, झाकणासकट. मागून आलेली केबल, सेल्फची जाड वायर, डायनमोची वायर आणि फ्यूजबॉक्सची वायर, सगळं इथे. यामुळे मूळ वायरिंग न कापता राहतं आणि उद्या जंप-स्टार्ट द्यायला जागा मिळते. डायनमोची वायर वेगळी मागे न्यायची गरज नाही. ३० अँपिअर चार्जिंगला ५.२ मीटरमध्ये जेमतेम ०.०९ व्होल्ट जातो.

एक बारकावा मात्र आहे. डायनमोतला रेग्युलेटर स्वतःच्या तापमानावर व्होल्टेज ठरवतो, तापला की कमी करतो. तो तापलेल्या बॉनेटखाली आणि बॅटरी थंड डिकीत, म्हणून शहरातल्या ट्रॅफिकमध्ये बॅटरी थोडी उपाशी राहू शकते. पंधरा मिनिटं गाडी चालवून बॅटरीच्या खुंट्यांवर मोजा. १३.८ ते १४.४ असेल तर ठीक. सतत खाली असेल तर महिन्यातून एकदा चार्जर लावा, डिकी उघडी ठेवून, आधी चिमटे आणि मग स्विच.

किल स्विच

गाडीची वीज एका झटक्यात तोडणारा हा स्विच रस्त्यावरच्या गाडीला ऐच्छिक. स्पर्धेत उतरणार असाल तर त्या स्पर्धेचं नियमपत्र आधी वाचा. भारतात हे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाच्या कक्षेत येतं. बाहेरून दिसणारी खूण ठरलेली आहे: पांढऱ्या किनारीच्या निळ्या त्रिकोणात लाल वीज, पाया किमान १२ सेंमी.

साधा दोन टोकांचा स्विच फसवा असतो. बॅटरी तुटली तरी चालू इंजिन डायनमोवर फिरत राहतं, आणि एकदम तुटल्यामुळे व्होल्टेजचा झटका बसून ईसीयू किंवा डायनमोचे डायोड जाऊ शकतात. सहा टोकांचा स्विच घ्या: तो बॅटरी तोडतो, त्याच वेळी इग्निशन तोडतो आणि डायनमोला रोधकातून अर्थ करतो.

जोडणी

सुरुवात जुनी बॅटरी सोडण्याने, आधी निगेटिव्ह. शेवट नवीन निगेटिव्ह जोडण्याने. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा.

फ्यूज अजून बसवायचा नाही. केबलचं पुढचं टोक मोकळं असताना केबल ते बॉडी ओहममध्ये मोजा. मीटरने जोड दाखवायला नको; शून्याजवळचा आकडा म्हणजे शॉर्ट. मग पुढचं टोक जंक्शनला जोडा, चावी बंद, दरवाजे बंद, बॅटरी जोडा, आणि फ्यूजच्या जागी दोन वायरी लावलेला इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब धरा. बल्ब भक्कन पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तो पावणेदोन अँपिअरमध्ये सापडला, हजारात नाही. न पेटला किंवा क्षणभर मिणमिणून विझला तर फ्यूज बसवा.

आता वहीतले आकडे काढा आणि तीच चाचणी पुन्हा. पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फचा बोल्ट: अर्ध्या व्होल्टच्या आत. निगेटिव्ह खुंटी ते इंजिन ब्लॉक: ०.२, फार तर ०.३. जास्त आला तर तुकड्या-तुकड्याने मोजा: खुंटी ते लग, लग ते बॉडी, बॉडी ते इंजिन. आकडा जिथे उडी मारतो तिथे रंग राहिला आहे किंवा लग कच्चा आहे. दुरुस्तीनंतर माझी ॲक्सिलरेटर केबल सेल्फ मारताना गार राहिली. ती मी बदलली होती, तरी दर वेळी बोट लावून बघतो.

पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. बॉनेटखाली जंक्शनवर एक चिठ्ठी चिकटवा, 'बॅटरी डिकीत, डावीकडे'. नाहीतर नवा मेस्त्री बॉनेट उघडून तुमच्याकडे बघत राहतो. आणि डिकी विजेच्या बटणाने उघडणारी असेल तर तिला चावीची किंवा तारेची सोय आधी करून घ्या, कारण बॅटरी उतरल्यावर ती बॅटरी काढायलाच डिकी उघडणार नाही. एस्टीममध्ये सीटजवळ तरफ आहे म्हणून मी वाचलो.